पुसू नये

कॅसेटवर सायलसकाकांचं अक्षर:
'नाताळ ८४'. खाली बारीक, 'पुसू नये'.
निळी शाई पार फिकी पडली,
ताकीद तेवढी शाबूत.

आमच्या घरी नाताळ नव्हता,
पण मेकोसाबागेत भिंत एकच होती.
भिंतीपलीकडे रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडलेला,
तोंडाला तोंड लावून,
थंडीत दोन म्हातारे बोलत बसावेत तसा.
काका शॉर्टवेव्हची सुई केसभर सरकवायचे,
"चूप बे पोट्टेहो" म्हणायचे
आणि दोन बटणं एकदम दाबायचे.
आम्ही श्वाससुद्धा नाकातल्या नाकात.

गाणं यायचं समुद्रावरून, वर-खाली होत,
कोण्या गोऱ्या बाईचं,
बर्फाबद्दल, घंटांबद्दल,
यंदा तरी घरी येतो म्हणणाऱ्या कुणाबद्दल.
इंग्रजी आम्हाला अर्धीच कळे.
उरलेली अर्धी वऱ्हाडीनं भरली,
आणि चर्चच्या आवारात इतक्या जोरात म्हटली
की पाळकसाहेबांच्या भुवया वर गेल्या.
पुढच्या कडव्याला त्यांनीच ठेका धरला.

बर्फ आम्हाला ठाऊक होता:
मच्छीबाजारातला, भुशात गुंडाळलेला.
म्हणून झाडावर कापूस.
तो मात्र अस्सल, एस्तेरकाकूंनी गादी उसवून काढलेला,
जानेवारीत परत भरायच्या बोलीवर.
(काका तेवढे दिवस सतरंजीवर निजले.
डिसेंबरात. नागपूरच्या.)

आणि सांताचा कोट गार्डाच्या जुन्या झेंड्यांचा.
काका मालगाडीवर गार्ड होते,
फाटका झेंडा घरी यायचा,
काकू मशीनवर बसायच्या.
अजूनही बर्डीवर एखाद्या दुकानात
लाल टोप्या टांगलेल्या दिसल्या
की माझे पाय रुळावरच थांबतात.

क्वार्टर रिकामं करताना शुलमीथनं
कॅसेट माझ्या हाती दिली. "तुझ्याकडे राहू दे,
भिलाईला माझ्याकडे वाजवायला काहीच नाही."
माझ्याकडे तरी कुठे होतं?
मोमिनपुऱ्यात इजाजभाईनं जुन्या मशीनचा पट्टा बदलला,
ऐंशी रुपये घेतले,
वर विचारलं, "ये अब कौन सुनता है?"

मधल्या काळात मुलानं तेच गाणं
फोनवर शोधून दिलं. चार सेकंद लागले.
धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ.
बाईचा श्वास ऐकू येतो, तारेवरचं बोट ऐकू येतं.
चांगलं आहे. मी नाही कशाला म्हणू?
पण दुसरं कडवं संपलं की माझी मान वाकडी होते,
मी वाट बघतो, आणि गाणं सरळ पुढे निघून जातं,
काही घडलंच नाही असं.

इथे काकूंनी ओरडायला हवं होतं, "अहो, दूध!"
मग भांडं. मग काकांचं "हात्तिच्या",
देवळात बोलावं तसं हळू, कारण टेप चालू.
मग मोतीबागेकडून छोट्या लायनीच्या इंजिनाची शिट्टी,
सुरात नाही,
वेळेवर.

काल रात्री शुलमीथला फोन लावला.
मशीन टेबलावर ठेवलं, फोन त्याच्यासमोर,
तोंडाला तोंड लावून.
घरात पोरं गलका करत होती.
"चूप बे पोट्टेहो," मी म्हणालो
आणि कुणाच्या आवाजात म्हणालो ते मलाच ऐकू आलं.

वाजलं सगळं. खरखर, बाई, बर्फ,
दूध, भांडं, शिट्टी.
भिलाईकडून बराच वेळ नुसती लाइन.
"आहेस ना?"
"परत लाव."
"पहिल्यापासून?"
"नाही रे. दुधापासून."